शेजारच्या सीटचा पट्टा

पासिंग केंद्राच्या फाटकावर त्यांचं नाव 'पहिला नंबर' पडलं होतं. तोंडावर सगळे 'काका'च म्हणत, पण ती लांब, गडद राखी गाडी वळणावर दिसली की रांगेतला कोणीतरी हमखास म्हणायचा, "आला बघा पहिला नंबर. आता आपली इज्जत काढणार."

जुन्या गाड्यांना वर्षातून एकदा या केंद्रावर हजेरी लावावी लागे. ब्रेक, दिवे, चाकं, धूर, पट्टे सगळं तपासून गाडी रस्त्यावर फिरायच्या लायकीची आहे की नाही, हे तिथे ठरायचं. बऱ्याचशा गाड्या पहिल्या फेरीत नापास व्हायच्या. मालकांना त्याचं फारसं वाईटही वाटायचं नाही. गणितात पोरगं नापास होणार हे आधीपासून माहीत असलेल्या बापासारखे ते मनाची तयारी करूनच आलेले असायचे. काकांची गाडी मात्र एकदाही नापास झाली नव्हती. काका निकाल ऐकायलासुद्धा थांबल्यासारखे दिसायचे नाहीत. नुसते हात मागे बांधून भिंतीवरचं घड्याळ बघायचे, जणू निकालापेक्षा वेळेचीच काळजी जास्त.

ही गाडी मुळात साहेबाची. काका एका बड्या कंपनीच्या बड्या साहेबाचे ड्रायव्हर होते. साहेब निवृत्त झाले, काका निवृत्त झाले आणि गाडीही निवृत्त झाली, तिघंही एकाच सुमाराला. साहेबांना निरोपाची भाषणं मिळाली, काकांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि गाडीला कोणी काहीच दिलं नाही. ती कंपनीच्या मागच्या आवारात धूळ खात उभी राहिली. काकांना ते बघवेना. घरी कोणाला फारसं न विचारता त्यांनी तिला आणून गल्लीत उभी केली. ती तिथे अशी दिसायची, जणू चुकीच्या वर्गात येऊन बसलेला उंच मुलगा.

गॅरेजवाल्या वस्तादांनी तेव्हाच कानाला हात लावले होते. "काका, ही जात लय नाजूक. साहेबी गाड्या नव्या असतात तोवर राण्या असतात, जुन्या झाल्या की रुसायला लागतात. खालची रबरं झिजतात, मागच्या स्प्रिंगा बसतात, कुठला तरी दिवा गुपचूप जातो. दर पासिंगला काहीतरी काढणार बघा."

"काढायचं ते मीच काढेन," काका म्हणाले होते. "तिनं काढायच्या आधी."

आणि खरंच काढत. पासिंगच्या आदल्या संध्याकाळी गल्लीत दरवर्षी एक कार्यक्रम व्हायचा. काका गाडीत बसायचे आणि काकू मागच्या बाजूला, शिवणाची टेप गळ्यात तशीच ठेवून उभ्या राहायच्या. काकू शिवणाचा क्लास घेत. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेच्या रिकाम्या खोलीत त्यांच्या हाताखाली बायका कापडाशी झटापट करत. त्यामुळे नजर पक्की होती.

"ब्रेक!" काका आतून ओरडायचे.

"लाल. तिन्ही."

"उजवीकडचा!"

"डोळे मिचकावतोय."

"डावीकडचा!"

"हाही मिचकावतोय. लाज नाही दोघांना."

"रिव्हर्स!"

"पांढरा. अहो, मागे नका येऊ, मी उभी आहे इथे."

"इंजिन बंद आहे गं!"

"इंजिनावर माझा विश्वास आहे. तुमच्यावर नाही."

शेजारच्या खिडक्यांतून हसू फुटायचं. मग काका काचा धुवायच्या पाण्याची बाटली भरायचे, चाकांतल्या खाचांत अडकलेले खडे खिळ्याने उकरायचे, हॉर्न एकदाच आणि हळूच वाजवायचे. काकू चहा घेऊन बाहेर यायच्या आणि बॉनेटवर कप ठेवायला गेल्या की काका पुरते घाबरायचे. "तिथं नको! तिथं नको!" कप मग काकूंच्या हातातच राहायचा, आणि काका त्यांच्या हातातूनच दोन घोट प्यायचे. हा प्रकार काकूंना मनातून आवडायचा, म्हणून त्या दरवर्षी बॉनेटकडेच जायच्या.

एवढ्या सगळ्यात काकांनी गाडीतली एक जागा मात्र कधीच तपासली नव्हती. ती म्हणजे त्यांच्या शेजारची सीट.

तपासायचं कशाला? तिथे कोणी बसतच नव्हतं. साहेब मागे बसायचे, डाव्या बाजूला. पुढे ड्रायव्हरशेजारी साहेबांची बॅग, छत्री आणि नको असलेली वर्तमानपत्रं. निवृत्तीनंतर त्या जागी काकांची टोपी, थर्मास आणि गाडी पुसायचं पिवळं फडकं राहायला आलं. सीट इतकी नवी होती, की तिच्यावर बोट फिरवलं तर करकर वाजायची.

आणि काकू? काकू मागे.

गाडी घरी आणली त्या दिवशी काकांनी सगळी गल्ली बघत असताना मागचं दार उघडलं होतं. नुसतं उघडलं नाही, एक हात दाराच्या वरच्या कडेवर धरला होता, डोकं आपटू नये म्हणून, साहेबांसाठी धरायचे तसाच. टोपी घातली होती. काकू लाजून लाल झाल्या. नोकरीभर ज्या जागेवर दुसरा माणूस बसवला, तिथे आज आपली बायको, असं काकांना बोलून सांगता आलं नसतं. म्हणून त्यांनी दार उघडून सांगितलं. काकूंना ते पोचलं. त्या दिवशी त्या खरोखर राणीसारख्या बसल्या आणि खिडकीतून ओळखीच्या बायका दिसल्या की उगाच मान वळवायच्या, कोणी बघतंय का म्हणून.

पुढे एकदा त्यांनी विचारलं होतं, "मी पुढे बसू का?"

"छे! पुढं ड्रायव्हरजवळ कोण बसतं? ती सामानाची जागा."

काकांच्या दृष्टीने विषय संपला.

कपड्यांच्या दुकानाबाहेर एक अनोळखी बाई काकूंना म्हणाल्या, "ड्रायव्हर फार छान आहे हो तुमचा. अदबीनं दार उघडतो. कुठून मिळवलात?"

"माझ्या वडिलांनी शोधून दिला," काकू म्हणाल्या. "पण आता बदलून मिळत नाही."

घरी येऊन हे सांगताना त्या स्वतःच इतक्या हसल्या, की सुईत दोरा जाईना. काकाही हसले. दोघंही हसले, म्हणून त्यात थोडं खरं दुखणंही आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

दुखणं कुठलं, ते समजायला काकांच्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात जावं लागेल. तेव्हा मागच्या सीटवर साहेब कोणाशी तरी बोलत होते. कुठल्याशा गावाचं नाव त्यांना आठवेना. काकांना ते माहीत होतं. काकांनी मदत म्हणून सांगून टाकलं. मागे एकदम शांत झालं. त्या शांततेचा अर्थ काकांना कळला नाही, पण संध्याकाळी कंपनीच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने त्यांना बाजूला घेतलं.

"ऐक पोरा. मागच्या सीटवरचं बोलणं आपल्यासाठी नसतं. तिथं लग्न ठरतात, मोडतात, माणसं कामावरून जातात. आपण काय करायचं? कान घरी ठेवून यायचं. 'चल' आणि 'थांब' एवढंच ऐकायचं. बाकीच्याला नुसतं 'हूं'. आणि आरसा रस्त्यासाठी असतो, चेहऱ्यासाठी नाही."

काकांनी हे इतकं मनावर घेतलं की पुढे प्रयत्नसुद्धा करावा लागेना. इंजिन सुरू झालं की मागच्या सीटकडून येणारा आवाज आपोआप बाहेरच्या रहदारीत मिसळून जायचा. साहेब म्हणायचे, "आमच्या ड्रायव्हरला काही ऐकू येत नाही, हाच त्याचा मोठा गुण." काकांना याचा अभिमान होता.

हा गुण निवृत्त झाला नाही, एवढीच काय ती गडबड.

काकू मागे बसून बोलायच्या. घरात शिवणयंत्राचा आवाज, दाराशी माप द्यायला आलेल्या बायका, फोन. निवांत बोलायला गाडीच बरी, असं त्यांना वाटायचं. क्लासमधल्या गमती, लेकीचं चाललंय काय, स्वतःच्या गुडघ्याचं. काका म्हणायचे, "हूं." थोड्या वेळाने पुन्हा, "हूं." घरी पोचल्यावर काकूंनी विचारावं, "मग काय करायचं त्याचं?" आणि काकांनी विचारावं, "कशाचं?"

एकदा काकू म्हणाल्याही, "गाडीत तुम्ही माझं ऐकतच नाही."

"गाडी चालवताना लक्ष रस्त्यावर लागतं," काका म्हणाले. त्यांना खरंच तसंच वाटत होतं. ते खोटं बोलत नव्हते. कान घरी ठेवून आलेल्या माणसाला, आपण कान घरी ठेवलेत हे ऐकू कसं येणार?

मग गेल्या काही महिन्यांपासून काकू क्लासला बसने जायला लागल्या.

"गाडी दारात असताना बस?" काका म्हणाले.

"बस बरी पडते."

"उभं राहावं लागतं."

"मिळते बसायला जागा."

काकांना हे फार लागलं. त्यांनी गाडीच्या आतून सुगंधी पाणी मारलं, मागच्या सीटला नवीन कव्हर घातलं, तरी काकू आपल्या पिशवीतून टेप, कात्री, खडू घेऊन थांब्यावर. लेकीने हे सगळं पाहिलं आणि एका रविवारी जेवताना विषय काढलाच.

"बाबा, आई बसत नाही, तुमची नजर पूर्वीसारखी राहिली नाही, आणि गल्लीत दुसऱ्या कोणाची सायकलसुद्धा मावत नाही. देऊन टाका ना गाडी."

काकांचा घास हातातच राहिला. "वय झालं म्हणून द्यायची?"

"मग कशावरून ठरवायचं?"

"पासिंगवरून," काका ताठ बसले. "ज्या दिवशी ही गाडी नापास होईल ना, त्या दिवशी किल्ली तुझ्या आईच्या हातात. मग तिनं ती विकावी, भंगारात घालावी, नाहीतर आत कोंबड्या पाळाव्यात. मी शब्द बोलणार नाही."

"नक्की?" काकूंनी विचारलं.

"नक्की."

काकूंनी ताटाकडे बघतच मान हलवली. मागे कधीतरी याच सुरात त्यांनी काकांना 'हो' म्हटलं होतं आणि त्याचं पुढे लग्न झालं होतं, हे काकांच्या लक्षात यायला हवं होतं.

या वर्षी केंद्रावर तपासणीला नवीन मॅडम होत्या. जुने तपासनीस बदलून गेले होते. मॅडम वयाने लहान, केस घट्ट बांधलेले, हातात टॉर्च, खिशात पाना. गाड्यांशी मोजकं बोलायच्या, माणसांशी त्याहून मोजकं.

गाडी रोलरवर चढली. ब्रेक दोन्ही बाजूंना सारखे. खड्ड्यात उतरून मॅडमनी पहारीने खालचे सांधे हलवून पाहिले. काही खुळखुळलं नाही. रबरं शाबूत. मागच्या स्प्रिंगा ताठ. दिव्यांचा झोत बरोबर रेषेवर पडला. धूर तर असा, की निघतोय की नाही हे बघायला मॅडमना वाकावं लागलं.

"काका, गाडी फार जपलीय."

काकांनी घड्याळाकडे बघितलं. आतून ते फुलून आले होते.

मॅडम पट्ट्यांकडे वळल्या. ड्रायव्हरचा पट्टा ओढला, झटका दिला, अडकला, सोडला, सर्रकन आत गेला. मागचे ओढले, तेही छान. मग पुढचं डावं दार उघडून त्यांनी टोपी, थर्मास आणि फडकं उचलून काकांच्या हातात दिलं आणि तिथला पट्टा ओढला.

पट्टा वीतभर आला आणि थांबला. मॅडमनी सोडून पुन्हा ओढला. पुन्हा वीतभर. हळू ओढून पाहिला, खालून चाचपून पाहिलं. पट्टा भिंतीला टेकून बसलेल्या हट्टी पोरासारखा जागचा हलेना.

"काका, हा येत नाही."

"तिथं कोणी बसत नाही मॅडम."

"पण सीट आहे ना?"

"आहे."

"मग पट्टा लागतो."

"माणूसच नाही, तर पट्टा कोणाला बांधणार? थर्मासला?"

मॅडमना हसू आलं, पण ते त्यांनी कामावर येऊ दिलं नाही. "उद्या कोणी बसलं तर?"

"बसणार नाही."

"गेल्या वर्षी कोणी सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

सांगितलं होतं. जुने तपासनीस दार लावता लावता म्हणाले होते, "पुढचा पट्टा जरा जड येतोय हो, बघून घ्या." काका 'हूं' म्हणाले होते.

मॅडमनी आवाज खाली आणला. "बाकी सगळं पहिल्या नंबराचं आहे काका. पण एवढ्यासाठी मला पास म्हणता येणार नाही. दुरुस्त करून आणा, मी लगेच बघते."

रांगेत ही बातमी काकांच्या आधी पोचली. "पहिला नंबर नापास?" एक टेम्पोवाला म्हणाला, आणि त्याचा स्वतःचा टेम्पो तिसऱ्यांदा नापास झालेला असूनही तो काकांसाठी हळहळला. कोणी हसलं नाही. हसले असते तर काकांना बरं वाटलं असतं.

घरी येऊन काका बराच वेळ गाडीतच बसून राहिले. मग वर आले. काकू यंत्रावर वाकून एका शाळकरी झग्याची बाही जोडत होत्या. काकांनी किल्ली त्या बाहीवरच ठेवली.

यंत्र थांबलं.

"कशात?" काकूंनी विचारलं.

"पट्ट्यात. पुढच्या. शेजारच्या."

काकू किल्लीकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते काकांना वाचता येईना. चेहरे न वाचण्याचीच तर त्यांना सवय.

"मी शब्द दिला होता," काका म्हणाले. "तू ठरव."

काकूंनी किल्ली उचलली आणि बॉबिनच्या डब्यात टाकली. डब्याचं झाकण लावलं. "बघते," म्हणाल्या आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. काका उगाचच पाणी प्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी वस्तादांना घरी बोलावून घेतलं. काका खिडकीत उभे राहून बघत होते. खाली वस्तादांनी पट्ट्याची गुंडाळी खोलली होती आणि काकू शेजारी उभ्या राहून त्यात डोकावत होत्या.

"काय झालंय याला?" काकूंनी विचारलं.

"झालं काहीच नाही वहिनी. हाच तर प्रॉब्लेम. नव्यापासून कोणी ओढलाच नाही. आतली स्प्रिंग गुंडाळलेल्या जागी धरून बसलीय. वापरून झिजतात ते मी रोज बघतो, हा न वापरून गेला."

काकू हसल्या नाहीत. "दुसरा मिळेल?"

"अशीच एक गाडी मोडीत आलीय. तिचा मागचा पट्टा खराब आहे, पुढचा ठणठणीत. तिथं पुढं बसणारं कोणी होतं वाटतं."

"तो बसवा."

काका खिडकीतून ओरडले, "म्हणजे विकायची नाही ना?"

काकूंनी वर पाहिलं. "नापास गाडी कोण घेतं? आधी पास तर होऊ दे."

काकांनी खिडकी लावून घेतली. म्हणजे विकायलाच दुरुस्त करतेय. त्या दुपारी त्यांनी गाडी पुन्हा धुतली. बुजगावण्यासारखे हात पसरून एकदा तिच्या टपावर वाकले, आणि कोणी बघतंय असं वाटल्यावर टप पुसल्याचं नाटक केलं. हातात फडकंच नव्हतं, ते गाडीच्या आतच राहिलं होतं, हे त्यांना नंतर कळलं.

पुन्हा तपासणीला जायचं त्या सकाळी काकू तयार होऊन खाली आल्या. हातात किल्ली, खांद्यावर गाडीत बसताना घ्यायची ती नेहमीची शाल.

"तू येतेस?"

"गाडी कोणाची आहे सध्या?"

काकांनी निमूटपणे मागचं दार उघडलं, हात वरच्या कडेवर धरला. काकू आल्याच नाहीत. त्या पुढच्या डाव्या दाराशी उभ्या होत्या.

"अगं, इकडे."

"किल्ली माझ्याकडे आहे," काकू म्हणाल्या. "मी ठरवायचं."

काकांनी मागचं दार लावलं. मग पुढचं उघडलं. टोपी, थर्मास, फडकं. ते हातात घेऊन कुठे ठेवावं ते सुचेना, तेव्हा काकूंनी टोपी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि बाकीचं मागे, साहेबांच्या जागेवर ठेवायला लावलं. बसल्या. सीट करकरली. पट्टा ओढला. तो एका दमात आला, आणि लावायचा कुठे ते काकूंना सापडेना. काका वाकले आणि त्यांनी खट्कन लावून दिला. एवढ्या जवळून त्यांनी काकूंचा चेहरा गाडीत कधीच पाहिला नव्हता.

काकूंनी चालवण्यापुरती किल्ली त्यांच्या हातात दिली आणि गाडी गल्लीतून बाहेर पडली. सवयीने काकांची नजर आरशात गेली. मागची सीट रिकामी. त्यांना क्षणभर वाटलं, कोणाला तरी कुठेतरी विसरलो.

"गार वाजतंय," काकू म्हणाल्या.

"बंद करू?" काकांनी लगेच हात पुढे केला आणि गार हवेचं बटण फिरवलं. साहेबांना फार उकडायचं. ते बटण साहेबांनी ठेवलं होतं तिथेच इतकी वर्षं होतं.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "ऐकू आलं तुम्हाला?"

"शेजारी बसून बोलतेयस, ऐकू येणार नाही होय?"

"गाडी आणली त्या दिवसापासून मी मागून हेच सांगतेय. गार लागतंय, बंद करा. तुम्ही म्हणता 'हूं'."

"मला वाटलं, ती शाल..." काका अडखळले. "मला वाटलं, तू ऐटीत घेतेस. मागे बसलीस की शोभते म्हणून."

"ऐटीत? गुडघा गारठायचा माझा!"

पुढे सिग्नल लाल होता. काका थांबले. आणि त्यांना अचानक तो म्हातारा ड्रायव्हर आठवला, कंपनीचं मागचं आवार आठवलं, कान घरी ठेवून यायचं ते आठवलं. त्यांनी ते सगळं काकूंना सांगितलं, रस्त्याकडे बघत, थांबत थांबत. मागच्या सीटवर साहेबांच्या किती गोष्टी झाल्या, आणि त्यांना त्यातली एकही कशी माहीत नाही, हेही सांगितलं. "मी मुद्दाम नाही गं केलं. मला वाटलं, मागे मानानं बसवतोय."

काकूंनी टोपीची कड सारखी केली. "मला कळायचं ते," त्या म्हणाल्या. "दार उघडायचात ना, त्यातून कळायचं. पण दार लागलं की मग पुढे काही कळायचं नाही. बसमध्ये निदान शेजारी माणूस असतं."

"कोण असतं?"

"कोणीही. परवा एक आजोबा होते. त्यांना मी माझ्या गुडघ्याचं सगळं सांगितलं. त्यांनी तेल सुचवलं."

"कुठले आजोबा?" काका म्हणाले. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा त्यांना सिग्नल हिरवा झाल्याचं कळलं. असं त्यांच्या हातून नोकरीत एकदाही झालं नव्हतं.

केंद्रावर मॅडम टॉर्च घेऊन आल्या. त्यांनी पुढचं डावं दार उघडलं आणि थबकल्या. "अरे, इथे कोणी बसत नव्हतं ना?"

"आजच आलेय," काकू म्हणाल्या. "नवीन भरती."

मॅडमनी त्यांना उतरवलं, पट्टा ओढला, झटका दिला. अडकला. सोडला. सर्रकन आत गेला. पुन्हा एकदा, खात्रीसाठी. मग त्या काकांना म्हणाल्या, "पास. पहिला नंबर द्यायचा का पट्ट्याला?"

"दुसरा द्या," काका म्हणाले. "पहिला हिच्यासाठी राहू दे."

फाटकातला टेम्पोवाला टाळ्या वाजवायला लागला. त्याचाही टेम्पो आज पास झाला होता, त्यामुळे तो सगळ्यांसाठीच वाजवत होता.

गाडी बाहेर आली आणि काकांनी ती झाडाखाली थांबवली. आता विचारायलाच हवं होतं. इंजिन चालू ठेवून बोलायला त्यांना जमलं नसतं, म्हणून त्यांनी ते बंद केलं, किल्ली काढली आणि काकूंच्या तळहातावर ठेवली.

"मग? कोणाला विकायची?"

काकूंनी मूठ मिटली. "एवढी वर्षं मी मागे बसून जे बोलले, त्यातलं तुम्ही काहीच ऐकलं नाही ना?"

"नाही."

"एक शब्दही?"

काकांनी खरं सांगितलं. "'चल' आणि 'थांब'."

"मग आता सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार. बसमध्ये उभं राहून थोडंच सांगता येणार आहे मला एवढं? तेवढं संपेपर्यंत गाडी लागेल." त्यांनी किल्ली परत काकांच्या हातात दिली. "आणि सरळ घरी नका जाऊ. लांबून घ्या."

काकांनी गाडी सुरू केली. आरसा वर सरकवला, मागचा फक्त रस्ता दिसेल इतका.

"तर," काकू मांडीवरची टोपी सरळ करत म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तुम्ही मागचं दार उघडलंत ना, तेव्हा माझी चप्पल बाहेरच राहिली होती."

"काय? मग अनवाणीच फिरलीस?" काका म्हणाले.